बारवेच्या बुडालेल्या पायऱ्यांचं थ्रीडी मॉडेल: लाइट कुठे लावू?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. आमच्याकडे पारोळ्याच्या बाजूला शेतात जुनी बारव आहे. पाण्यावरच्या पायऱ्यांचं, फोटो जोडून केलेलं थ्रीडी मॉडेल मोबाइलवर झकास झालं, खालच्या पायऱ्या काही केल्या जमत नाहीत. ॲक्शन कॅमेरा बांबूला बांधून सोडतो, दोन टॉर्च त्याला खेटून. फोटोत दगड कमी, पांढरे ठिपकेच जास्त. मोठ्या पॉवरचे लाइट घेऊ का? कपाशीचे पैसे आलेत म्हणून विचारतो.

चोपडेकर (सध्या मालवण):
भाऊ, पैसे राहू द्या खिशात. ठिपके म्हणजे पाण्यातला गाळ. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तेच. पॉवर वाढवाल तर ठिपके अजून चमकतील. बांबूला आडवी पट्टी ठोका, टॉर्च दोन्हीकडे हात-दीड हात लांब न्या, तोंडं किंचित बाहेर. झोताच्या कडेचा उजेड पायरीवर पडला तरी पुरे, भिंगापुढचं पाणी अंधारात राहिलं पाहिजे. टॉर्चवर दुधी प्लास्टिक लावा. आणि कॅमेरा पायरीच्या जवळ न्या, गढूळ पाण्यात दुसरा इलाज नाही.

गिरणाकाठ:
जवळ नेला की फ्रेममध्ये पायरीचा तुकडाच येतो. जोडायचं कसं?

चोपडेकर:
फोटो भरपूर काढा. शेजारच्या दोन फोटोंत ७०-८० टक्के भाग सारखा हवा. व्हाइट बॅलन्स (रंगाची सेटिंग) आणि एक्स्पोजर (उजेडाची सेटिंग) लॉक, म्हणजे सगळ्या फोटोंत तीच ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३, त्यामुळे सपाट काचेमागून फ्रेममध्ये येणारा भाग आवळतो. वरच्या फोटोंचं कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरने काढलेला भिंगाचा हिशोब) खाली वापरू नका, पाण्यातल्या फोटोंचा संच वेगळा ठेवा. मापासाठी खुणा केलेली स्टीलची पट्टी पायरीवर सोडा.
खरी मेख सावलीची आहे. लाइट कॅमेऱ्यासोबत फिरतो, म्हणून सावल्याही सरकतात आणि सॉफ्टवेअर सावलीच्या कडेला दगडाची कड समजतं. दोन्ही टॉर्च सारख्याच हव्यात, एक जरी मंद पडली तरी गडबड. भर दुपारीही नको, उन्हाच्या जाळ्या पायऱ्यांवर नाचतात. दिवस मावळल्यावर काढा.

तापीकर:
मोटार आदल्या दिवसापासून बंद ठेवा, पोरांनाही उड्या मारू देऊ नका, गाळ खाली बसेल. अन् लाइनवरचा हॅलोजन पाण्याजवळ आणायचाच नाही भो, बॅटरीचंच सामान.

गिरणाकाठ:
मोटार बंद म्हटल्यावर आप्पांना आधी विचारावं लागेल, हरभऱ्याचं पाणी चालू आहे.