मदत हवी आहे : ड्युअल मास काढून सॉलिड फ्लायव्हील बसवावं का?

नमस्कार मंडळी. माझी डिझेल पिकअप १ लाख ६० हजार किमी चाललीय. निफाडहून कांदा भरून वाशीला फेऱ्या, म्हणजे कसारा घाट रोजचाच. आता न्यूट्रलला खडखड होते, इंजिन बंद करताना धडका बसतात. मेकॅनिक म्हणतो, ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिन आणि क्लचमधलं दोन भागांचं जड चाक) आतल्या स्प्रिंगा गेल्या. सॉलिड, म्हणजे बिनस्प्रिंगचं एकसंध चाक टाका, कटकट मिटेल.

पण इंजिनाचे हादरे त्या स्प्रिंगाच गिळतात ना? सध्याच्या क्लचप्लेटला तर स्प्रिंगा नाहीतच. सॉलिडबरोबर स्प्रिंगवाली प्लेट घेतली, तरी गिअरबॉक्सला त्रास होतो का? ज्यांनी बदललंय त्यांनी सांगा, भरलेली गाडी कमी आरपीएमला चढावर थरथरते का? आवाजाचं काही नाही, टेप मोठ्यानंच असतो.