कॉलनीतल्या बागेचं नियोजन मुलामुलींना विचारून करायचंय, सुरुवात कुठून करावी? (जुळे सोलापूर)

मोकळी_जागा
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत लेआउटमधली मोकळी जागा आहे, साधारण ४० बाय २५ मीटर. कंपाउंड झालंय, आत नुसता मुरूम. महापालिकेतर्फे बाग करायचं घाटतंय, २० लाखांच्या आसपास तरतूद होईल असं कानावर आहे. नेहमीसारखं झालं तर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, दोन घसरगुंड्या, ओपन जिम, लॉन, आणि झालं काम. १२ ते १८ वयाची पोरं-पोरी आहेत तिथंच, रस्त्यावर.

त्यांनाच विचारून काय आधी, काय नंतर हे ठरवायचं आहे. पण ‘माझ्या स्वप्नातली बाग’ छाप चित्रकला स्पर्धा नको. कुणाला बोलवायचं, काय विचारायचं, महापालिकेत कधी आणि काय द्यायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा की.

नकाशा_आणि_नियम
आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, पण ती महापालिकेच्या ताब्यात असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी सोसायटीचं किंवा मूळ मालकाचंच नाव असतं. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत आणि सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. नावाचा घोळ असेल तर तो मिटेपर्यंत मुलांची बैठक लावू नका. पोरांनी दोन महिने डोकं लावायचं आणि जागेवर खर्चच करता येत नाही असं कळायचं, हे फार वाईट. पुढच्या वेळी एकही पोरगं येत नाही.

दुसरं, झोन कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: अंदाजे किती पैसे, काय आधीच ठरलंय (समजा, बोअर किंवा लाइटची केबल), आणि काय खरंच मोकळं आहे. मुलांना फक्त तिसऱ्या गोष्टीबद्दल विचारा. ठरून गेलेल्या गोष्टीवर मत मागणं म्हणजे त्यांची फसवणूक.

तिसरं, वेळ. सगळ्यात जास्त गाडी इथंच चुकते. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण आकडे डिसेंबर-जानेवारीतच बसायला लागतात. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन फाईलला लागतं आणि तिथंच राहतं. म्हणून शाळा सुरू झाल्या की जून-जुलैत निरीक्षण, ऑगस्टमध्ये बैठका, सप्टेंबरात अभियंत्याकडून तपासणी, ऑक्टोबरअखेर प्रस्ताव आवक नंबरसह झोन कार्यालयात. गणपती-नवरात्रात संध्याकाळी निम्मी पोरं लेझीमच्या सरावाला असतात, तेव्हा बैठक ठेवू नका. जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा आणि पुढं दहावी-बारावी, तो काळ सोडूनच द्या.

मुलांना विचारलंच पाहिजे अशी सक्ती आपल्या महापालिका कायद्यात नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत कलम १२ (मुलांचं म्हणणं ऐकणं) आणि कलम ३१ (खेळ, विश्रांती) आहे आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे दोन संदर्भ घाला, ‘असं कुठं असतं का’ हा प्रश्न तिथंच संपतो.

खेळ_आणि_पोरं
वर कायद्याचं आलंच आहे, मी पद्धतीबद्दल लिहिते.

कुणाला बोलवायचं: शाळेला पत्र दिलं की शाळा वर्गातली पहिली पाच मुलं पाठवते. तेवढ्यावर थांबू नका. क्लास सुटायच्या वेळी, रात्री कट्ट्यावर, गल्ली क्रिकेटमध्ये, विडी कामगारांच्या आणि यंत्रमागाच्या घरांत जाऊन बोलवा. २५ ते ३० जण पुरेत, निम्म्या मुली हव्याच. वयोगट वेगळे बसवा: १० ते १३, १४ ते १७. एकत्र बसवलं की मोठी मुलं बोलतात, बाकीची माना डोलावतात. सहा-सात जणांमागे एक मोठा माणूस, आणि त्यानं बोलायचं कमी. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं असणार, म्हणून लेखी फॉर्मऐवजी चित्रांची कार्डं वापरा.

विडीच्या घरांतल्या बऱ्याच मुलींवर संध्याकाळी धाकटी भावंडं सांभाळायची जबाबदारी असते. त्यामुळे बैठक रविवारी सकाळी अकराला घ्या आणि भावंडांना घेऊन या असं निमंत्रणातच सांगा. एका कोपऱ्यात सतरंजी आणि एक ताई ठेवली की काम भागतं.

आधी निरीक्षण, मग मागणी. जवळच्या दोन चालू बागा निवडा. मुलांनीच एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री आठ अशा चार वेळा, प्रत्येकी १५ मिनिटं मोजायचं. रकाने: मुलगा/मुलगी, अंदाजे वय, काय करत होते, सावलीत की उन्हात. मुली कोणत्या वेळेनंतर दिसेनाशा होतात ते या कागदावर स्पष्ट उमटतं. व्हिएन्नात १९९० च्या दशकात अशाच निरीक्षणातून कळलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात. मग त्या शहराने काही बागांत व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय, जास्त उजेड आणि मोकळ्या वाटा केल्या.

आता मुख्य बैठक. तुमच्या जागेला १:१०० प्रमाण अगदी सोपं पडतं: ४० बाय २५ सेंटीमीटरचा पुठ्ठा म्हणजे पूर्ण जागा. रंगीत कार्डबोर्डचे तुकडे त्याच मापात कापा. खो-खो २७ बाय १६. कबड्डी १३ बाय १०, मुलींसाठी १२ बाय ८. व्हॉलीबॉल १८ बाय ९, पण चारी बाजूंनी ३ मीटर मोकळे धरून तुकडा २४ बाय १५ चा कापा. बॅडमिंटन १३.४ बाय ६.१. खो-खो ठेवला की जवळपास निम्मी जागा संपते हे पोरांना सांगावं लागत नाही, हाताखाली दिसतं. मग आपणच सुचवतात की एकाच मुरमाच्या पट्ट्यावर कबड्डी आणि व्हॉलीबॉल दोन्ही आखू, खांबांना जमिनीत पाइप बसवून ते काढता-घालता येतील असे करू.

यानंतर चिंचोके. एक चिंचोका म्हणजे ५० हजार रुपये. २० लाखांत ४० चिंचोके एका गटाला. प्रत्येक वस्तूची किंमत अभियंत्याने दरसूचीवरून (सरकारी दरांच्या यादीवरून) आधी काढून दिलेली असावी, अंदाजपंचे आकडे नकोत. मुलींच्या गटाचे आणि मुलांच्या गटाचे हिशेब वेगळे लिहा. एकत्र बेरीज केली की ‘क्रिकेट पीच’ जिंकतं आणि मुलींची पहिली मागणी यादीत सातवी होते.

फोटो, पूर्ण नाव, मोबाईल नंबर गोळा करू नका. वय आणि गल्ली पुरते. १८ खालच्या मुलांचा डिजिटल डेटा पालकांच्या संमतीशिवाय वापरायचा नाही, असं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो.

बांधकाम_बाजू
वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. जमिनीवरची बाजू जोडतो, कारण मुलांची यादी अंदाजपत्रकात गेल्यावर तिचं काय होतं हे त्यांनाही कळायला हवं.

लॉनचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी धरा. ५०० चौरस मीटर लॉनला दोन-अडीच हजार लिटर, रोज. जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या गावात बोअर आटला की मे महिन्यात लॉनची माती होते. हा आकडा समोर ठेवला की पोरं स्वतःच लॉन कापून पैसे सावलीकडे वळवतात. कडुनिंब, करंज, पिंपळ लावा, पण पहिली पाच-सहा वर्षं त्यांची सावली धरू नका. तोवर उभ्या खांबांवर शेड नेट लागेल.

मे महिन्यात पारा ४० च्या वर. खेळायची वेळ सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. त्यामुळे लाइट ही चैन मानू नका, तीच खरी खेळाची सोय आहे. घसरगुंडी लोखंडी असेल तर उतार उत्तरेकडे काढा, नाहीतर चटके बसतात.

काळी माती खाली असेल तर पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात उचलतात. माती काढून मुरमाचे थर रोलरने दाबूनच वर काम करा. झोका घेतलात तर दांडी जितकी उंच त्याच्या दुप्पट अंतर पुढं आणि मागं मोकळं हवं: २.४ मीटर उंचीला ४.८ मीटर. खाली ३० सेंटीमीटर वाळू. खेळण्यांच्या गजांमध्ये ९ ते २३ सेंटीमीटरची फट नको, त्यात लहान मुलाचं डोकं अडकतं. ही मापं निविदेतच लिहिली पाहिजेत, नंतर तोंडी सांगून ठेकेदार करत नाही.

आणि स्वच्छतागृह. मुलींच्या यादीत ते नेहमी वर असतं आणि खर्चात पहिलं तेच कापलं जातं, कारण रोजच्या साफसफाईला माणूस नसतो. प्रस्तावात बांधकामाबरोबर देखभालीचा वार्षिक खर्च वेगळ्या ओळीत दाखवा.

मोकळी_जागा
खूप आभार. उद्याच लेआउटच्या प्रतीसाठी अर्ज देतो. एकच अडचण. कॉलनीतले काका लोक म्हणतात, आम्हालाही चालायला ट्रॅक हवा, पोरांनी रात्री गोंगाट केला तर? त्यांना डावलून चालणार नाही.

खेळ_आणि_पोरं
डावलू नकाच. पण मुलांची बैठक आधी घ्या, मोठ्यांची नंतर, आणि मुलांचा पुठ्ठा तसाच समोर ठेवा. त्याच पुठ्ठ्यावर कडेने दीड मीटरची वाट बसवून दाखवता येते, ४० बाय २५ च्या जागेत साधारण १२० मीटरची फेरी होते. लाइट रात्री किती वाजता बंद, हे दोन्ही गटांनी मिळून ठरवून फाटकावर लिहायचं.

प्रस्ताव दिल्यावर महिनाभरात फाटकावर तीन रकान्यांचा फलक लावा: मागितलं तसं होणार, बदलून होणार, होणार नाही. तिसऱ्या रकान्यात कारण लिहा, ‘निधी नाही’ एवढंच नको. किती कमी पडले आणि पुढच्या वर्षी मागणार का, तेही लिहा. काम झाल्यावर ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (त्याने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) किती, हे कार्यादेशातून (वर्क ऑर्डर) काढून त्याच फलकावर टाका. त्या काळात दोन मुलांच्या जोडीने महिन्यातून एकदा झोक्याची साखळी, नट-बोल्ट, वाळूची खोली आणि लाइट बघून तक्रार नोंदवायची. मुदत गेल्यावर तीच दुरुस्ती ठेकेदाराकडून फुकट होत नाही.