‘मिलर’ला मराठीत काय म्हणाल?

लिंकनशायरकर: नमस्कार. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर हेकिंग्टन नावाचं गाव आहे. तिथं आठ पात्यांची जुनी पवनचक्की आहे. इंग्लंडात आठ पात्यांची ही एकच उरली. पुढच्या महिन्यात आई येतेय. तिला दाखवायच्या आधी दोन पानं मराठीत लिहून द्यावीत म्हणून बसले आणि पहिल्याच ओळीत अडले.

गोष्ट अशी: १८३० साली चक्की बांधली तेव्हा तिला पाचच पाती होती. १८९०च्या वादळात वारा अचानक मागून आला आणि चक्कीच्या डोक्यावरच्या फिरत्या टोपीसकट सगळी पाती खाली. मग जॉन पॉकलिंग्टन नावाच्या माणसाने इथल्याच (इंग्लंडातल्या) बोस्टनजवळच्या स्कर्बेकची मोडीत निघालेली आठ पात्यांची चक्की विकत घेतली, तिची टोपी, पाती आणि यंत्रं इथं आणून या बुरुजावर चढवली, आणि १८९२पासून ती पुन्हा फिरू लागली. १९४१मध्ये मरेपर्यंत त्याने ती चालवली.

अशा चक्कीवर धान्य दळून देणाऱ्याला इंग्रजीत ‘मिलर’ म्हणतात. आता हा पॉकलिंग्टन मराठीत कोण? कोश म्हणतो ‘गिरणीवाला’. पण ते लिहिलं की आईच्या डोळ्यांपुढे पिठाने माखलेला, ‘बारीक की जाड?’ विचारणारा नाक्यावरचा माणूस येणार. शिवाय सेल, ग्रिस्ट, टोल आणि डॅमसेल हे शब्दही अडलेत.

घाटावरचा: चक्कीवाला लिहा, विषय संपला.

ओवीवेडी: संपत नाही हो. चक्कीवाला, गिरणीवाला, दोन्ही शब्द यंत्राची गिरणी आल्यावरचे. त्याआधी मराठीत या माणसाला नावच नाही, कारण हा माणूसच नव्हता. बारा बलुतेदारांची कुठलीही यादी काढा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी सापडतील, दळणारा सापडणार नाही. तेल काढायला तेली होता, पण पीठ घरोघरच्या बाया पहाटे उठून जात्यावर काढत होत्या. त्यांना कोणी धंद्याचं नाव देत नाही.

इंग्लंडात उलटं झालं. गावच्या जमीनदाराची किंवा मठाची चक्की असे आणि कुळांनी तिथंच दळावं असा हक्क होता. घरात जातं ठेवणं म्हणजे मालकाचं उत्पन्न बुडवणं. सेंट ऑल्बन्सच्या मठाचा किस्सा सांगते. चौदाव्या शतकात तिथला मठाधिपती होता वॉलिंगफर्डचा रिचर्ड, खगोलशास्त्राचं घड्याळ करणारा मोठा विद्वान. त्याने गावकऱ्यांची जाती जप्त केली आणि त्या दगडांची आपल्या दालनात फरशी घातली! १३८१च्या शेतकरी बंडात लोक आत घुसले, फरशी उखडली, आणि दगडाचे तुकडे प्रसादासारखे वाटून घरी नेले.

त्यांचं घरातलं जातं गेलं, म्हणून त्यांच्याकडे मिलर आला, आणि मिलर, मिलनर, मिलवर्ड ही आडनावंही आली. आपलं जातं घरात राहिलं, म्हणून आपल्याकडे ओव्या आल्या.

घाटावरचा: ताई, शब्द मागे घेतो. पण मग त्यांनी लिहायचं काय?

चिपटंमापटं: त्याआधी ‘टोल’ घ्या, तो सोपा आहे. मिलर पैसे न घेता धान्यातला वाटा काढून घ्यायचा, पुष्कळ ठिकाणी सोळावा हिस्सा. दळण्याच्या मजुरीला मराठीत दळणावळ हा अस्सल शब्द आहे. आता कोणी वापरत नाही, पण शिलाईला जसा शिवणावळ तसाच तो. आणि सोळावा हिस्सा आपल्या मापात चपखल बसतो: पायलीचे चार शेर, शेराची चार चिपटी. म्हणजे ‘पायलीमागे चिपटं’. आई लगेच समजतील.

माप मिलरच्याच हातात, त्यामुळे तो चोर अशी त्याची ख्याती होती. ‘प्रामाणिक मिलरचा अंगठा सोन्याचा असतो’ अशी इंग्रजी म्हणच आहे. अंगठा सोन्याचा असत नाही, तसा मिलरही प्रामाणिक असत नाही, असा तिरकस अर्थ लावतात. १७९६च्या कायद्याने मिलरला तराजू ठेवणं आणि दराचा तक्ता टांगणं भाग पाडलं.

ग्रिस्ट म्हणजे दळण, दुसरा शब्द शोधूच नका. दळायला आणलेलं धान्यही दळण, आणि मालिकांमध्ये वर्षानुवर्षं चालतं तेही दळण.

तळ्यात_मळ्यात: सेलला ‘पाती’ का? सेल म्हणजे शीड.

लिंकनशायरकर: जुन्या चक्क्यांना खरंच शिडं असायची. लाकडी जाळीच्या चौकटीवर कापड ताणायचं, आणि वारा वाढला की मिलरने चक्की थांबवून, प्रत्येक चौकट खाली आणून कापड गुंडाळायचं. पण १८०७मध्ये विल्यम क्युबिटने अशी पाती काढली की ज्यात कापडाऐवजी झडपा असतात आणि त्या चक्की फिरत असतानाच उघडमीट करता येतात. हेकिंग्टनला तीच आहेत. म्हणून पाती.

तळ्यात_मळ्यात: मान्य. कापड असेल तर शीड, झडपा असतील तर पातं. आणि डॅमसेल म्हणजे कुमारिका ना? ती चक्कीत काय करते?

लिंकनशायरकर: बडबड! दळायच्या दोन दगडांपैकी वरच्या तळीबरोबर फिरणारा लोखंडी दांडा असतो तो. धान्य ज्या पन्हाळीतून तळीच्या तोंडात पडतं तिला तो सतत धक्के देतो, म्हणजे दाणे एकसारखे पडत राहतात. त्याचा दिवसभर खडखडाट चालतो, म्हणून मिलर लोकांनी त्याचं नाव पोरीवरून ठेवलं.

ओवीवेडी: नाव ठेवणारे सगळे बाप्ये, दुसरं काय सुचणार! पण मराठीत याला आयता शब्द आहे: टकळी. सूत काढायची टकळी म्हणजे फिरणारा दांडाच, आणि तोंडाची टकळी म्हणजे न थांबणारी बडबड. दोन्ही अर्थ एका शब्दात.

चिपटंमापटं: वा! याच्यापुढे मूळ शब्द फिका.

घाटावरचा: तळीला चर पाडण्याचं काय लिहिलंत? त्यांच्याकडे त्याला दगडाला ‘ड्रेस’ करणं म्हणतात असं ऐकलं. कपडे घालणं लिहू नका म्हणजे झालं. टाकी लावणं लिहा. आमच्या दारावर टाकी लावणाऱ्या बाया यायच्या, जातं, पाटा, वरवंटा, सगळ्याला.

लिंकनशायरकर: टाकीच लिहिलंय. मिलरपाशी मात्र अजून अडकलेय. फोनवर आईलाच विचारलं. ती म्हणाली, “पवनचक्की म्हणजे आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरची, वीज करणारी. ती काय दळते? तू सांगतेस ते वाऱ्याचं जातं. आणि तो जातेवाला.”

ओवीवेडी: वाऱ्याचं जातं! पानांना हेच नाव द्या. पण जातेवाला मला जातं विकणारा वाटतो.

चिपटंमापटं: मलाही. ‘दळप्या’ कसं वाटतं? जरा हिणवल्यासारखं आहे, पण त्या सोन्याच्या अंगठ्याला शोभेल.

तळ्यात_मळ्यात: जातं तरी का? ते एकटीनेही ओढता येतं. एवढ्या मोठ्याला घिरट म्हणा. कोकणात भात भरडायला असायचं, दोघी मिळून ओढायच्या.

ओवीवेडी: घिरट भरडतं हो, पीठ नाही काढत. हे पॉकलिंग्टन पीठ काढत होते.