शब्दचर्चा: लिंबाच्या रसात रावस ‘शिजतो’ का?

परळ नाका

लोअर परळच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. मेन्यूकार्ड यंदा मराठीतही छापायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात आलंय. बाकी सगळं जमलं, एका पदार्थावर अडलोय. सेविचे नावाचा प्रकार आहे, मूळ पेरूचा (देश, फळ नव्हे). कच्च्या रावसाचे पातळ काप, वर भरपूर लिंबाचा रस, मीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर. दहा-पंधरा मिनिटांत मासा पारदर्शक होता तो पांढरा आणि घट्ट होतो, दिसायला थेट उकडल्यासारखा. इंग्रजी मेन्यूत ‘कुक्ड इन लाइम’ लिहितात. मी लिहिलं, ‘लिंबाच्या रसात शिजवलेला रावस’. मॅनेजर म्हणाले, गॅस पेटवला नाही तर शिजवलेला कसा? त्यांचं बरोबर की माझं?

अडगळ

व्युत्पत्ती तुमच्या बाजूने आहे. ‘शिजणे’ आलं संस्कृत ‘सिध्’वरून: सिध्यति, प्राकृतात सिज्झइ, मराठीत शिजणे. मूळ अर्थ सिद्ध होणे, तयार होणे. विस्तव त्या धातूत कुठेच नाही. गंमत म्हणजे ‘शिधा’ हाही याच सिद्धाचा वंशज मानतात, आणि शिधा तर कोरडा, न शिजवलेला!

पण आजचा वापर मॅनेजरांच्या बाजूने. आज शिजायला नुसती आच पुरत नाही, ओलही लागते. भात, वरण, मटण शिजतं. भाकरी भाजते, वडा तळला जातो, बटाटा उकडतो. इंग्रजी ‘कुक’ हे सगळं पोटात घेतं, आपलं शिजणं तेवढं ढेरपोटं नाही. विस्तवाशिवाय शिजतं ते एकच, कट. ‘त्या दोघांचं काहीतरी शिजतंय’ म्हणतो ते.

सोलकढी

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, आता लालबाग. आमच्याकडे सुरमईच्या तुकड्यांना मीठ, हळद, आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळतात. त्याला कुणी ‘शिजत ठेवलीय’ म्हणत नाही, ‘लावून ठेवलीय’ म्हणतात. विसरून फार वेळ राहिली तर कडा पांढऱ्या पडतात आणि तव्यावर तुकडा भुसभुशीत होतो. मग सासूबाई म्हणतात, ‘आंबटाने मासळी आवळली’. मला वाटतं तुमच्या पेरूवाल्यांनी हेच मुद्दाम केलंय.

‘मुरलेला रावस’ असंही सुचलं होतं, पण लोणचं मुरतं तेव्हा चव आत जाते, ते वेगळं. शिवाय मुरलेला रावस म्हटलं की तीन वेळा नगरसेवक झालेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो.

माटुंगा रोड

यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाचा तेव्हाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग) आयुष्य गेलं, त्यामुळे दोन शब्द जास्त लिहिणार, माफ करा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, पण ती सुटी लोंबत नसते, विशिष्ट तऱ्हेने दुमडलेली असते. ही घडी जागेवर ठेवणारे बंध बरेच दुबळे असतात: इथे धन आणि ऋण भार एकमेकांना धरून, तिथे पाण्याला नाखूश असलेले भाग आतल्या बाजूला दडून. आच दिली की साखळी थरथरून हे बंध सुटतात. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास. एवढ्या आम्लात साखळीवरचे ऋण भार पुसले जातात, धन तेवढे उरतात, ते एकमेकांना ढकलतात आणि घडी त्या ढकलाढकलीने मोडते. आत दडलेले भाग उघडे पडले की शेजारच्या साखळीच्या तशाच भागांना चिकटतात. जाळं तयार होतं, त्यात उजेड विखुरतो, मासा पांढरा दिसतो. जाळं आकसलं की थोडं पाणी बाहेर पडतं, मासा घट्ट लागतो. सोलकढीताईंच्या सासूबाई ‘आवळली’ म्हणतात तेच हे, आणि शब्द अगदी अचूक आहे.

वाट वेगळी, मुक्काम बराचसा एकच. म्हणून इंग्रजीवाले कुक म्हणतात ते अगदीच चूक नाही. पण पुढचं लक्षात घ्या. आच जंतू मारते, परजीवी अळ्या मारते. लिंबावर तो भरवसा ठेवता येत नाही. कच्च्या खायच्या मासळीतल्या अळ्यांसाठी अमेरिकेतला नियम उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवण्याचा आहे, आणि तोही अळ्यांपुरताच. आपल्याकडे ‘शिजलंय’ म्हटलं की खाणारा निर्धास्त होतो. गरोदर बाई मेन्यूत ‘शिजवलेला’ वाचून हे मागवील. म्हणून मी मॅनेजरांच्या बाजूने.

परळ नाका

काका, पटलं. गोठवलेलाच मासा वापरतो, पण कार्डावर ‘कच्चा’ हा शब्द यायलाच हवा हेही पटलं. मग एक विचारतो. दूध लिंबाने फाटतं तेव्हाही हेच होतं ना? आणि दही? मग तिकडे आपण वेगवेगळे शब्द का वापरतो?

सोलकढी

आधी एक: दूध ‘फाटत’ नाही, नासतं. फाटणं हिंदीतून लोकलने आलंय.

परळ नाका

ताई, मुंबईत अर्धी भाषा लोकलनेच आलीय.

माटुंगा रोड

नासो किंवा फाटो, रावसात होतं ते दुधात होत नाही. इथे आपली भाषा रसायनशास्त्राच्या पुढे आहे.

दुधातलं मुख्य प्रथिन केसिन. त्याची मुळात घट्ट घडी नसतेच, सैलसर असतं. त्याचे बारीक गोळे पाण्यात तरंगतात आणि पृष्ठभागावरच्या ऋण भारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. ताज्या दुधाचा पीएच ६.७ च्या जवळपास. विरजणातले जीवाणू लॅक्टिक आम्ल करत जातात, पीएच ४.६ कडे सरकतो, केसिनचे धन-ऋण भार सारखे होतात, दूर ठेवणारं काही उरत नाही आणि गोळे एकमेकांना धरतात. हे सावकाश झालं की मऊ जाळं बनतं, त्यात पाणी अडकून राहतं: दही लागलं. गरम दुधात एकदम लिंबू पिळलं तर गठ्ठे होतात आणि पाणी वेगळं पडतं: दूध नासलं. मोडायला घडीच नव्हती, त्यामुळे याला काटेकोरपणे प्रथिनाची घडी मोडणं म्हणता येत नाही. हे नुसतं गोळा होणं.

म्हणूनच नुसतं दूध कितीही उकळा, घट्ट बसत नाही. केसिनला आचेचं फारसं काही वाटत नाही. गाईच्या चिकात मात्र घडीवाली प्रथिनं भरपूर, म्हणून वाफवल्यावर खरवस वडीसारखा कापता येतो.

सकाळची पिशवी बाहेर राहिली आणि संध्याकाळी तापवताना दूध नासलं, हा अनुभव सगळ्यांचा. थंड असताना ते ठीक दिसत होतं, कारण आम्ल थोडंच झालं होतं, एकट्याने पुरलं नसतं. आच मदतीला आल्यावर काम झालं.

आणि विरजायच्या आधी दूध उकळतो त्याला जंतूंखेरीज दुसरंही कारण आहे. दुधाच्या निवळीतली प्रथिनं सत्तर अंशांच्या वर घडी सोडून केसिनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. त्याने दही घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं.

अडगळ

म्हणजे आपल्याकडे विरजणे, लागणे, नासणे, आंबणे, साकळणे, थिजणे, गोठणे इतकी क्रियापदं आहेत ती हौसेखातर नाहीत. ‘साकळणे’ रक्ताचं, ‘थिजणे’ तुपाचं. तूप थिजतं त्यात प्रथिनाचा काही संबंध नाही, आणि भाषा ते वेगळं ठेवते.

पारशांच्या टोपली पनीरला काय म्हणाल? ते ना लिंबाने ना विरजणाने.

माटुंगा रोड

तिथे रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम असलेला पदार्थ. कोमट दुधात घालतात, उकळी नाही, आंबटपणाही नाही. केसिनच्या गोळ्यावर बाहेरून केसांसारखी लव असते, तीच गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. रेनेटमधलं एन्झाइम ती लव कापतं. उघडे गोळे एकमेकांना चिकटतात. याला मी ‘नासणे’ म्हणणार नाही, पारशी मंडळी घरी येऊन भांडतील. पपईचा किंवा अंजिराचा चीक दुधात पडला तरी असंच काहीसं होतं.

वेसावकरीण

चर्चा छान चाललीय, पण सगळे महागड्या रावसावरच. बोंबील घ्या की. जवळजवळ नव्वद टक्के पाणी, हातात धरला की लुळा. तळायच्या आधी आम्ही मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवतो, मग तो ताठ होतो. वरती काका म्हणाले त्या हिशोबाने दाबानेही घडी मोडते का? की हे नुसतं पाणी निघणं?

माटुंगा रोड

मोठा भाग पाणी निघण्याचा, थोडं मिठाचं काम. पण दाबाचा प्रश्न फार चांगला. पर्सी ब्रिजमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१४ साली दाखवलं की अंड्याचा पांढरा बलक नुसत्या दाबानेही घट्ट होतो, आचेशिवाय. त्याचं पुढे १९४६ चं नोबेल दाबाच्या प्रयोगांसाठीच होतं. फक्त तो दाब हवेच्या दाबाच्या काही हजार पट होता. तुमचा पाटा तिथवर पोचायला त्यावर अख्खं वेसावे बसवावं लागेल, तरी पुरणार नाही.

वेसावकरीण

बसतील. होळीला सांगून बघते.

वलांडीवर वाळवलेल्या बोंबलाला मात्र ‘सुकला’ हेच बरोबर, त्यात वाद नको. भिजत घातला तरी तो पुन्हा ताज्यासारखा होत नाही, हे कुठल्याही कोळणीला माहीत आहे. पाणी परत येतं, अंग परत येत नाही.

अडगळ

मूळ प्रश्नाकडे वळतो, पण थोडं बाजूने. काकांनी जे वर्णन केलं त्याला इंग्रजीत डिनेचरेशन म्हणतात. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘विकृतीकरण’. मला तो शब्द मराठीत नको वाटतो. आपल्याकडे विकृत म्हटलं की वर्तमानपत्रातल्या तिसऱ्या पानाची आठवण होते. दोन बोटं लिंबू लागलं म्हणून बिचारा रावस विकृत?

काका सुरुवातीपासून ‘घडी मोडणे’ लिहितायत. तोच शब्द का नको? नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण ‘घडी मोडली’ म्हणतो. साडीचं सूत तेच, वजन तेच, एक धागा कमी झालेला नाही, पण दुकानातली ती साडी आता राहिली नाही. प्रथिनाचंही तेच ना? साखळी तुटत नाही, फक्त घडी जाते.

माटुंगा रोड

ही उपमा मी पस्तीस वर्षं वर्गात वापरायला हवी होती. ह्सियेन वू या चिनी शास्त्रज्ञाने १९३१ साली नेमकं हेच मांडलं: प्रथिनाचे तुकडे होत नाहीत, ते उलगडतं. तोवर नक्की काय होतं यावर एकमत नव्हतं.

एक पुरवणी. काही छोट्या प्रथिनांची घडी परत बसते. ख्रिश्चन अनफिन्सनने रायबोन्यूक्लिएज नावाच्या प्रथिनाची घडी युरियाने मोडली, युरिया काढून टाकला, आणि घडी आपली आपण बसली, प्रथिन पुन्हा कामाला लागलं. १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल. उकडलेल्या अंड्यात असं होत नाही, कारण तिथे उलगडलेल्या साखळ्या एकमेकांत गुंतून बसल्यात. रावसातून लिंबू धुऊन काढलं तरी तो पुन्हा पारदर्शक होत नाही, त्याचंही कारण तेच.

अंड्याचा पांढरा बलक फेटतानाही घडीच मोडते, तिथे हवेचे बुडबुडे ते काम करतात. चीनमधल्या पिदान अंड्यांत चुना आणि राखेच्या क्षाराने (मीठ नव्हे, अल्कली). आम्ल, क्षार, हवा, दाब: ‘घडी मोडणे’ सगळ्यांना पुरतं, कुठे आचेची अट घालत नाही.

सोलकढी

आणि कबाबच्या मटणाला कच्ची पपई लावतात ते? मोहम्मद अली रोडला रमझानात जे तोंडात विरघळतात ते.

माटुंगा रोड

तिथे घडी मोडणं नाही, थेट तोडणं. पपईतलं पपेन साखळीच कापतं. तुमच्या पोटातली एन्झाइमं जेवणानंतर करतात तेच काम. थंडीत हळू चालतं, साठ-सत्तर अंशांना जोरात, म्हणजे सिगडीवर चढल्यावर मटण तापत असतानाचा काळ त्याचा खरा. त्याहून तापलं की पपेनचीच घडी मोडते आणि ते थांबतं. आदल्या रात्री जास्त लावलं तर मटणाचा लगदा होतो.

अडगळ

मग शब्द तयारच आहे: पचणे. संस्कृत ‘पच्’ला शिजणं, पिकणं, जिरणं तिन्ही चालतात: पाक, पक्व, पचन. पपईने मटण पचतं, लिंबाने मासळी आवळते, विरजणाने दही लागतं.

परळ नाका

मॅनेजरांना सगळा धागा वाचून दाखवला. कार्डावर असं जातंय: ‘सेविचे: कच्च्या रावसाचे काप, लिंबाच्या रसात आवळलेले’. ‘आवळलेले’वर ते जरा थबकले, म्हणाले गळा आवळल्यासारखं वाटतं. मी म्हटलं लालबागच्या सासूबाईंचा शब्द आहे, मग गप्प बसले.

जाता जाता एक, याच किचनचं. ताज्या अननसाचं रायतं दुपारी छान लागतं, संध्याकाळी कडू. दही बदलून पाहिलं, तरी तेच.

माटुंगा रोड

दही बदलून उपयोग नाही, दोष अननसाचा. त्यात ब्रोमेलेन असतं, पपेनचं भावंड. ते दुधातली प्रथिनं कापतं, आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. अननसाच्या फोडी पाकात चांगली उकळी येईपर्यंत ठेवा, थंड करा, मग दह्यात घाला. ब्रोमेलेनची घडी मोडली की ते कापायचं थांबतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून त्याचं रायतं कडू होत नाही. जिलेटिनची जेली ताज्या अननसात लागत नाही ती याच कारणाने. चायना ग्रासची लागते, कारण त्यात प्रथिनच नाही.

सोलकढी

जेली ‘लागत’ नाही हो काका, ‘बसत’ नाही. लागतं ते दही.