मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या स्वयंभू आहे का?

गोदाकाठ
नाशिकमधल्या शालेय प्रदर्शनासाठी देवळालीच्या गणितज्ञ द. रा. कापरेकर सरांवर तक्ता करायचा आहे. त्यांच्या डेम्लो संख्यांमधली ही एक, १११११११११ चा वर्ग. तिचे मूळ अवयव, एकूण विभाजक आणि ती स्वयंभू आहे का (म्हणजे कोणत्याही संख्येत त्या संख्येच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी), एवढं हवंय. एक्सेलमध्ये शेवटचे दोन अंक शून्य होतात. ब्राउजरच्या कन्सोलमध्ये ९ ने भागलं की बाकी ८ येते, आणि अंकांची बेरीज तर ८१! चुकतंय कुठे?

त्रिज्या
चूक साधनाची आहे. एक्सेल १५ अंकच जपतं. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे गेली की विषम पूर्णांक साठवू शकत नाही. तुमचा शेवटचा १ जाऊन ० झाला, म्हणून बाकी ८. पायथॉन वापरा, पण भागाकाराला दोन तिरक्या रेघा द्या. एकच दिली की पुन्हा दशांशात शिरून तीच गडबड.

अवयवांसाठी वर्गाला हात लावू नका, वर्गमूळ फोडा: १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येकाचा घात दुप्पट, म्हणजे ४, २, २. विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

हातचा_एक
स्वयंभू नाही, जनक सापडतो, म्हणजे अशी संख्या जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की आपली संख्या येते. सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. जनक १७ अंकीच असणार, त्याच्या अंकांची बेरीज फार तर १५३. एवढं वजा केलं तरी बदलतात फक्त शेवटचे तीन अंक. आधीच्या चौदांची बेरीज ७५ कायम. म्हणजे जनकाची बेरीज ७५ ते १०२.

शिवाय संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची ९ ने येणारी बाकी एकच असते. म्हणून आपल्या संख्येची बाकी ही जनकाच्या दुपटीची बाकी. ती ० आहे, तेव्हा जनकही ९ च्या पटीत. उरले ८१, ९०, ९९. वजा केल्यावर शेवट २४०, २३१, २२२; तिन्हींत ७५ + ६ = ८१. जुळतो फक्त पहिला. जनक १२३४५६७८९८७६५४२४०, आणि तो एकमेव.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीजही ८१ आहे, तो मात्र योगायोग. तीच वजा करायची रीत मुलांना शिकवू नका. २४ मधून ६ काढून १८ येतात, पण १८ + ९ = २७; खरा जनक २१.

गोदाकाठ
मनापासून आभार! ३३३६६७ मूळ आहे हे हाताने कसं दाखवू?

त्रिज्या
३ ने भाग जात नाही, अंकांची बेरीज २८. ३७ ने बाकी १. या दोघांखेरीज १११११११११ चा कोणताही मूळ अवयव १८ च्या पटीहून १ ने मोठाच असतो. म्हणून ३३३६६७ च्या वर्गमुळापर्यंतचे एवढेच तपासा: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. शेवटचा गाळू नका, ५७७ चा वर्ग ३३२९२९ भरतो, म्हणजे तो हद्दीत आहे. त्याने भागल्यावर बाकी १६१.