पृथ्वीचं तापमान उणे १८ येतंय, कुठं चुकतंय?

बालाघाटची लेक:
अंबाजोगाईला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. प्रोजेक्टसाठी हवामानाचं सगळ्यात साधं मॉडेल घेतलंय. सूर्याकडून दर चौरस मीटरला १३६१ वॅट येतात. पृथ्वी गोल, म्हणून भागिले ४. ३० टक्के उजेड परत जातो, म्हणून गुणिले ०.७. आले २३८. स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमात (तापलेली वस्तू तिच्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकते) घालून चौथं मूळ काढलं तर २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ सेल्सिअस! खरं सरासरी तापमान १५ च्या आसपास आहे. चार वेळा तपासलं, तेवढंच येतंय.
आबांनी वही हातात घेऊन विचारलं, "यातून आपल्याकडं पाऊस कधी ते कळंल का गं?" मला काही सांगता आलं नाही. तिथपर्यंत जायची वाट आहे का?

औशाचे मास्तर:
चुकलं नाही पोरी. तू वातावरणाची ऊब न धरता हिशेब केलास. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीची उष्णता अडवतात, ते राहिलं. जमिनीनं सोडलेल्या उष्णतेतला ०.६१ एवढाच भाग बाहेर जातो असं धर, म्हणून २३८ ला आधी ०.६१ नं भाग, मग मूळ काढ. त्यानंतर परत जाणारा उजेड ०.३० च्या जागी ०.२९ घालून बघ. मॉडेलची खरी मजा तिथं आहे, एकच आकडा हलवायचा आणि बाकीचं काय होतं ते बघायचं.

बालाघाटची लेक:
२८८ केल्विन आलं सर, म्हणजे १५ सेल्सिअस! आणि ०.२९ घातल्यावर २८९. परतणारा उजेड एवढासा कमी झाला तर अख्खी पृथ्वी एका अंशानं तापते? रात्रभर हेच डोक्यात घोळतंय. पण पाऊस?

काळी माती:
तुझ्या समीकरणात वारा नाही, डोंगर नाही, मग पाऊस कुठून येणार? मोठ्या मॉडेलात पृथ्वीवर चौकोन पाडतात, जुन्या मॉडेलांत एकेक १०० किलोमीटरहून मोठा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, घाट उतरून वाईला आलं की हजाराच्या आत. एवढा फरक एकाच चौकोनात! उंचीची सरासरी काढली की सह्याद्री चपटा होतो, आणि ज्या पर्जन्यछायेत आपण पिढ्यान्‌पिढ्या बसलोय ती पुसट होते. ढग तर चौकोनाहून लहान, त्यांचा अंदाज वेगळ्या सूत्रानं बांधावा लागतो. म्हणून अख्ख्या पृथ्वीच्या तापमानावर मी विश्वास ठेवतो, एका तालुक्याच्या पावसावर जपून. आबांना हेच सांग, ते समजून घेतील.

बालाघाटची लेक:
सांगितलं. ते आत गेले आणि ट्रंकेतून पेरणीची वही काढून आणली. ७२ च्या दुष्काळापासून, कोणत्या नक्षत्रात पहिला पेरणीजोगा पाऊस झाला ते लिहिलंय. तारखा नाहीत, नुसतं "मृग, चौथा दिवस", "आर्द्रा, निघता निघता". हे चालंल का?

औशाचे मास्तर:
चालंल म्हणजे काय! पावसाची नक्षत्रं सूर्याच्या चालीवर आहेत, मृग दरसाल ७-८ जूनला लागतो. तारखा सहज काढता येतील. आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेव, कागद जुना आहे.