कुवारबावच्या पुढे रस्त्याला लागून दुकानं बांधायची आहेत, काचेचं कॉम्प्लेक्स की पडवीवाले गाळे?

गडग्यापलीकडचा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

रत्नागिरीजवळ कुवारबाव ते खेडशी या पट्ट्यात आमची सामाईक जागा आहे, १२ गुंठे, पुढची बाजू मिऱ्या-नागपूर रस्त्याला, तोंड बरोबर पश्चिमेला. मागे वाडी, एका कडेने वहाळ (ओढा), दुसऱ्या कडेने वाडीत जायची वाट. इथे शहराची हद्द संपते पण शहर काही संपत नाही, हे रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको. रस्ता रुंद व्हायला लागल्यापासून दर महिन्याला कुणीतरी नवीन गाळे काढतंय.

आता आमच्या घरात तीन पार्ट्या झाल्यात. बिल्डरने थ्रीडी चित्र आणून दाखवलं, निळी काच, वर चंदेरी एसीपी शीट (अॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेली), रात्री एलईडीच्या पट्ट्या, समोर फिरायला गोरी माणसं (ही कुवारबावला कुठून येणार कोण जाणे). मुंबईच्या दादाला ते अजिबात पसंत नाही, त्याला चिरा (जांभा दगड), कौलं, तुळशीवृंदावन असला सगळा कोकणी लुक पाहिजे. आणि काका म्हणतात लुक वगैरे गेलं तेल लावत, दहा गाळे काढा, दहा शटर लावा, भाडं सुरू.

त्यात वाडीतली माणसं पण बोलायला आली आणि त्यांचं चुकीचं काहीच नाही. आमच्या जागेच्या तोंडावर मच्छीवाल्या दोन मावशी आणि एक भाजीवाली बसते, एसटीला लोक तिथेच उभे राहतात, पाऊस आला की आमच्या जुन्या मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) वळचणीला येतात. मांगर पाडला की ही सगळी जाणार कुठे? आणि भराव टाकला तर वहाळाचं पाणी कुणाच्या खळ्यात शिरणार?

तर तुमच्या गावात, शहराबाहेरच्या असल्या रस्त्यांवर कुठल्या प्रकारची दुकानं चालतात, लोकांना काय आवडतं आणि चार पावसाळे गेल्यावर काय टिकतं ते सांगा. फोटो पाठवू नका, फोटो सगळे डिसेंबरातले असतात.

चाकरमानी_डोंबिवली

दादा बरोबर बोलतोय हो. आम्ही गणपतीला गाडी घेऊन येतो तेव्हा पनवेलपासून तेच निळ्या काचेचे डबे बघत येतो, चिपळूण आलं काय न् संगमेश्वर आलं काय, काही फरक कळत नाही. चिऱ्याचं, कौलारू काहीतरी दिसलं की माणूस आपसूक थांबतो. वेंगुर्ल्याचं क्रॉफर्ड मार्केट बघा, साधा मासळी-भाजीचा बाजार आहे पण वास्तू अशी की लोक बघायला जातात. रत्नागिरीतच थिबा पॅलेस आहे जांभ्याचा. आपल्याकडे दगड आहे, तो सोडून भिवंडीवरून शीट कशाला आणायची?

ओळंबा

साइटवर उभं राहून केस पांढरे झालेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गडग्यापलीकडचे भाऊ, तुम्ही एकच कामाची गोष्ट लिहिलीत, ती म्हणजे तोंड पश्चिमेला. बाकी लुकचं भांडण नंतर करा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि तो वरून कमी पडतो, नैऋत्येकडून आडवा जास्त येतो. पश्चिमेला उघडी भिंत म्हणजे सगळी झड अंगावर. निळी काच असो नाहीतर चिरा असो, समोर छप्पर पुढे आलेलं नसेल तर दोन्हीची वाट लागणार. काचेच्या जोडातलं सिलिकॉन उन्हाने कडक होतं मग तिथून पाणी आत, एसीपीच्या मागे पारवे घर करतात, खारी हवा स्क्रू खाते आणि मग एक दिवस वाऱ्याने शीट फडफडायला लागते. म्हणून तुम्ही बघा, कितीही झकपक कॉम्प्लेक्स असलं तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या तोंडावर निळी ताडपत्री नाहीतर हिरवी जाळी येतेच. पूर्वी घराच्या पश्चिमेला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, तेच काम, फक्त ते आधीपासून ठरवून होतं.

पण दादांना पण सांगा की नुसती पडवी काढून भागत नाही. थ्रीडीत पडवीचं छप्पर दहा-बारा फुटांवर दाखवतात, उंच आणि ऐटदार. पाऊस ४५ अंशात आला तर दहा फुटावरच्या पावळीखालून (छपराच्या खालच्या कडेखालून) तो दहा फूट आत येणार, आणि तुमची पडवी सहा फुटांची. मग उपयोग काय? जुन्या घरांची पावळी एवढी खाली का असते, वाकून आत जावं लागतं, ते पैसे वाचवायला नव्हतं. पावळी साडेसात फुटांवर आणा, पडवी सात फूट खोल ठेवा, शटर जवळजवळ कोरडं राहील, आणि खाऱ्या हवेत शटर कोरडं राहिलं तर जास्त वर्षं जातं.

आता दुकानदार ओरडणार की पावळी खाली आली तर बोर्ड दिसत नाही. बोर्ड पडवीच्या छपराच्या वरच्या भिंतीला लावा, सगळ्यांचे एका रांगेत, एका उंचीचे. हे आधी ठरवलंत तरच होतं, नंतर प्रत्येक जण आपला फ्लेक्स पुढे पुढे आणतो.

कौलांबद्दल. मला आवडतात, पण माकडं आहेत का तुमच्याकडे ते आधी सांगा. असतील तर दर वर्षी कौलं परतायला माणूस लागणार आणि तो माणूस आता मिळत नाही. उतरता स्लॅब घालून वर कौलं लावा किंवा कौलाच्या रंगाचे चांगले जाड पत्रे घाला, पण पत्रे नीट आवळून घ्या, २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे काय झालं ते आठवा. सपाट स्लॅब ठेवून पाच वर्षांनी गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड मारायची, हा जो सध्या जिल्ह्याचा राष्ट्रीय छंद आहे, त्यात दोन छपरांचा खर्च होतो. चिरा घ्यायचा तर खरा घ्या. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो, पावसाचा मारा थेट नसेल तर पिढ्यान्पिढ्या बघायला नको. चिऱ्याची पातळ टाइल चिकटवणार असाल तर त्यापेक्षा सरळ प्लास्टर करा.

आणि पाणी. १२ गुंठे म्हणजे साधारण १२०० चौरस मीटर. सगळं काँक्रीट आणि पेव्हर केलंत तर १०० मिलिमीटर पावसात १ लाख २० हजार लिटर पाणी तुमच्या जागेतून वहाळात जाणार. आज त्यातलं बरंचसं जमीन पिते. वाडीवाल्यांची शंका अगदी रास्त आहे. भराव कमी टाका, जोतं उचला, पार्किंगला खडी ठेवा, आणि वहाळावर मोरी (छोटा पूल) बांधाल तर पाइप टाकून पैसे वाचवू नका, पाइपात पहिल्या पावसात झावळी अडकते.

कुडाळकर_कापडवालो

ह्ये पडवीवाले सगळे बरा बोलतत, पण गिऱ्हाइकाक रस्त्यावरसून साडी दिसाक होयी मां? माझा कापडाचा दुकान आसा. पडवीत काळोख, दिवसाढवळ्या लाइट लावूचे लागतत. माझ्याकडे फुडे काच आसा, आत एसी आसा, हायवेचो धुरळो आत येणा नाय, पांढरो शर्ट पांढरो रवता. लग्नाचा बस्ता बांधूक येणारी माणसा काचेच्या दुकानात शिरतत, तेंका वाटता हय माल बरो आसतलो. काच पुसूक माणूस ठेवचो लागता ता खरा. पण सगळ्यांनीच कौलारू दुकाना काढली तर ता हॉटेल वाटतला, लोक इचारतले सोलकढी आसा काय.

ओळंबा

@कुडाळकर, शेवटच्या वाक्याला मी पण हसलो. काच काढा असं म्हणणं नाहीच, काच पडवीच्या आत घ्या. झड बसत नाही, पश्चिमेचं ऊन बसत नाही, एसीचं बिल पण कमी. काळोखाचं म्हणाल तर कौलांत मधे मधे काचेची कौलं घालतात की आपल्याकडे, स्वयंपाकघरात चुलीच्या वर असायचं तसं. पत्रा असेल तर फायबरचा एखादा पत्रा. आणि भिंत पांढरी रंगवा.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणचा आहे, मी लुकवर काही बोलणार नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेतली तळमजल्याची दुकानं आख्खी पाण्यात होती, काचेची पण आणि लाकडी फळ्यांची पण. २००५ ला पण झालं होतं तरी लोकांनी मीटर खालीच ठेवले. तुमचा वहाळ लहान असेल, पण वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला नेऊन विचारा की जास्तीत जास्त पाणी कुठवर आलं होतं, तो बरोबर दगडावर हात ठेवून दाखवेल. त्याच्या वर जोतं, जोत्याच्या वर छातीएवढ्या उंचीवर विजेचा बोर्ड आणि प्लग, आणि प्रत्येक गाळ्याला पोटमाळा द्या माल चढवायला. भाडेकरू पहिल्यांदा पोटमाळाच विचारतो इकडे आता.

नाचणे_रोडवाली

सगळे पुरुष बोलतायत म्हणून मी बोलते. 😀 तुम्ही दुकान बांधणार, खरेदीला येणार कोण?

जोतं उचला म्हणतायत ते ठीक, पण मग समोर चार उंच पायऱ्या आणि त्यावर ती गुळगुळीत ग्रॅनाइटची लादी, पावसात माझी सासू त्यावरून दोनदा घसरता घसरता वाचली. हाताला धरायला बार नाही, काही नाही. रॅम्प करतात तो पण स्कूटर चढवायला केल्यासारखा उभा. दुकानात शिरताना ओली छत्री ठेवायला जागा नसते, दुकानदार तोंड वाकडं करतो, मग छत्री बाहेर ठेवायची आणि परत येईपर्यंत गेलेली. आणि बाथरूम! दहा-वीस दुकानांचं कॉम्प्लेक्स, त्यात मुली कामाला, दिवसभर, आणि एक बाथरूम ते पण कुलूप लावलेलं, चावी मालकाकडे, मालक शिरगावला. तुमच्या थ्रीडीत बाथरूम कुठे दाखवलंय ते बघा आधी.

जिन्याखालचा काळोखा कोपरा ठेवू नका, संध्याकाळी तिथे कोण बसतं ते सगळ्यांना माहिती आहे.

मी कुठे थांबते सांगू? जिथे स्कूटर लावून चार पावलांत दुकान, आणि पाऊस आला तर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात न भिजता जाता येतं तिथे. केमिस्ट, किराणा, झेरॉक्स, दळण असं एका ओळीत. काच की कौल, खरं सांगते, मी वर बघतच नाही.

ओळंबा

ताईंनी माझं अर्धं काम केलं. रॅम्पचा उतार १ ला १२ पाहिजे, म्हणजे जोतं दोन फूट असेल तर रॅम्प २४ फूट लांब. दहा गाळे चिकटवून झाल्यावर ही जागा कुणाकडेच उरत नाही, म्हणून नकाशात पहिल्यांदा रॅम्प आणि बाथरूम काढा, गाळे नंतर. लादी खडबडीत, कोटा दगडाची, नाहीतर न घोटलेला सिमेंटचा कोबा.

रेषेबाहेर

परवानगीचं थोडक्यात. गावठाणाबाहेर जागा असेल तर नगररचनेची परवानगी लागणार, बिनशेतीचं सध्या काय लागतं ते विचारून घ्या, डिसेंबर २०२० पासून युनिफाइड डीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) आहे, पार्किंग आणि सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) त्याप्रमाणे. राष्ट्रीय महामार्गाला लागून असाल तर इमारत रेषा (हिच्या आत बांधकाम नाही) आणि नियंत्रण रेषा (हिच्या आत बांधायला महामार्गवाल्यांची संमती) वेगळ्या तपासा, शहराबाहेरच्या भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० आणि ७५ मीटर हा ठोकताळा असतो, १२ गुंठ्यांत त्याने बरंच गणित बदलेल. रस्त्यावरून थेट एंट्रीला पण महामार्गवाल्यांची परवानगी लागते. बिल्डर म्हणेल सगळं होतं, होतं, पण सही तुमची असते.

मच्छीवाल्या मावशींची जागा, एसटीचा थांबा, वहाळाची मोरी हे तिन्ही ग्रामसभेत घेऊन ठराव करून टाका. तोंडी ठरलेलं पुढच्या सरपंचाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

गडग्यापलीकडचा

मंडळी, लई आभार. प्रिंट काढून काकांसमोर ठेवली. पोटमाळ्यावर काका एकदम खूश, म्हणाले त्याचं भाडं वेगळं घेता येईल. माकडं आहेत, भरपूर आहेत, त्यामुळे कौलं कटाप, दादा फुगून बसलाय. इमारत रेषेचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, सोमवारी मोजणीचा नकाशा घेऊन जातो.

एकच अडलंय. पडवी काढली आणि उद्या गाळे भाड्याने गेले की प्रत्येक जण पडवीत कोल्ड्रिंकचा फ्रिज, चिप्सच्या माळा, झेरॉक्सचं मशीन आणून ठेवणार. महिन्याभरात चालायला जागा राहणार नाही. हे कुठे कुणी थांबवलंय का?

वाशिष्ठीकाठ

पूर्ण थांबत नाही. पण करारात पडवी सामाईक लिहा, आणि पडवीत प्लग पॉइंट देऊच नका. फ्रिज लागणार कुठे?

ओळंबा

प्लगचं लाख बोललात. शिवाय बाहेरच्या कडेला चिऱ्याचा दीड फूट उंच कट्टा सलग घ्या, लोक बसतील, आणि माणसं बसलेली असली की तिथे माल मांडता येत नाही. मच्छीवाल्या मावशींना पण त्याचंच एक टोक द्या.

गडग्यापलीकडचा

मावशींना विचारलं. पडवी नको म्हणाल्या, आत बसलं तर एसटीतनं उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला टोपली दिसत नाही आणि दुकानदार वासाच्या नावाने रोज कटकट करणार. त्यांना थांब्याच्या बाजूचा कोपरा पाहिजे, वर पत्रा, एक नळ आणि पाणी जायला गटार. जागा द्यायला घरात कुणाचीच ना नाही. गटार काकांच्या बाजूने काढायचं की दादाच्या, यावरून आज सकाळपासून दोघं बोलत नाहीयेत.